नकलची नक्कल

मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्या ब्रँचसाठी आधी एक खुलासा. गाडीचं पुढचं चाक ज्या तुकड्यावर बसतं, ज्याला सस्पेन्शनचे आर्म आणि स्टिअरिंगचा रॉड जोडलेला असतो, त्याला इंग्रजीत 'नकल' म्हणतात. मराठीत नक्कल म्हणजे कॉपी. आमच्या बाहा टीमने मागच्या वर्षी हे दोन्ही अर्थ एकाच दिवशी अनुभवले.

माझ्या रूमवर टेबलावर दोन चकचकीत नकल पडलेले आहेत. ७०७५ ग्रेडचं अ‍ॅल्युमिनियम, व्हीएमसीवर केलेलं काम, फिनिश एकदम झकास. सध्या पेपरवेट म्हणून वापरतो. येणारे-जाणारे उचलून बघतात आणि विचारतात, "एवढं भारी काम, गाडीला का नाही लावलं?"

झालं असं. वजन कमी करायचं म्हणून आम्ही बेअरिंग ६२०६ वरून ६२०५ वर आणलं होतं. ६२०६ चा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर, ६२०५ चा ५२. त्याप्रमाणे नकलचं मॉडेल बदललं, ड्रॉइंग बदललं, स्टिअरिंग आर्मचा बिंदूही ६ मिलिमीटर सरकवला. आणि एमआयडीसीतल्या वर्कशॉपला गेली ती जुनी फाइल. जॉब आले, सगळ्यांनी फोटो काढले, मी बेअरिंग हातात घेऊन बसवायला गेलो तर ते आरपार खाली पडलं. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. 'बुश मारू' असं एकदोघं म्हणाले, पण पुढच्या चाकाला बुश आणि शिवाय स्टिअरिंगचा बिंदू चुकलेला. सरांनी चष्मा काढून फक्त मान हलवली. वर्गणीतले अठरा हजार आणि स्पर्धेआधीचे तीन आठवडे गेले.

फाइल पेनड्राइव्हवर घालून नेली होती दुसऱ्या वर्षाच्या एका ज्युनियरने. त्याला सगळ्यांनी मिळून इतकं झापलं की तो चार दिवस गॅरेजकडे फिरकला नाही. मेसमध्येही आम्ही उठल्यावर जेवायला यायचा. झापणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो हे इथे कबूल करतो, कारण पाचव्या दिवशी रात्री मी शेअर्ड ड्राइव्ह उकरून काढला तेव्हा कळलं की 'फायनल' नावाच्या फोल्डरमध्ये ती फाइल मीच टाकली होती. लॅपटॉप फॉरमॅट केला, जुन्या बॅकअपमधून फायली परत आणल्या, नकल उघडून पाहिला, बंद करताना सॉलिडवर्क्सने 'सेव्ह करू का' विचारलं आणि मी 'हो' म्हटलं. मापं जुनी, तारीख ताजी. बिचाऱ्याने फोल्डरमधली सगळ्यात ताज्या तारखेची फाइल उचलली. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. (फोल्डरमध्ये 'नकल_फायनल', 'नकल_फायनल_२', 'नकल_फायनल_नवीन' आणि 'नकल_हाच_वापरा' अशा चार फायली होत्या. 'हाच_वापरा' सगळ्यात जुनी निघाली.)

त्याच्या रूमवर जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा. पण यापुढे फाइल तुम्हीच घेऊन जा." हे वाक्य लागलं. कारण पुढच्या वेळी मी नेली असती तरी चुकलीच असती. तेव्हा ठरवलं की फायली सांभाळणारं सॉफ्टवेअर शोधायचं. कंपन्यांमध्ये त्याला पीडीएम म्हणतात, म्हणजे प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट. तीन महिने त्यात घालवले. ते तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

आधी हे समजून घेऊ की डिझाइनच्या फायली इतर फायलींसारख्या का वागत नाहीत. तुमचा असाइनमेंटचा वर्ड डॉक्युमेंट एकटा जगतो. असेंब्लीची फाइल एकटी जगत नाही. सॉलिडवर्क्सच्या असेंब्लीत पार्ट भरलेले नसतात, पार्ट कुठे आहेत त्याचा पत्ता असतो. पार्टची फाइल विंडोजमधून सरळ रिनेम केली की असेंब्ली उघडताना विचारते, 'हा कुठे गेला?' शिवाय आणखी एक गंमत आहे, जी आम्हाला फार उशिरा कळली. पत्ता शोधताना सॉफ्टवेअर आधी बघतं की त्या नावाची फाइल आत्ता मेमरीत उघडी आहे का. असेल तर तीच घेतं, मग ती दुसऱ्या फोल्डरमधली का असेना! तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'प्लेट' नावाच्या तीन फायली असतील तर एक दिवस ब्रेकच्या जागी बॅटरीची प्लेट दिसेल. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या किंवा घेऊ नका, एका नावाच्या दोन फायली ठेवू नका. हा नियम फुकट आहे.

आता पीडीएम नेमकं करतं काय? आपल्या वर्कशॉपमध्ये टूल रूमच्या खिडकीशी जाऊन मायक्रोमीटर मागितला की काका पितळी टोकन मागतात. टोकन खिळ्यावर, मायक्रोमीटर तुमच्या हातात. दुसरा कोणी आला तर काका खिळ्याकडे बोट दाखवतात. पीडीएममधलं 'चेक आउट' म्हणजे हेच टोकन. फाइल तिजोरीत असते, बघू सगळे शकतात, पण बदल करायचा तर टोकन लावून बाहेर काढायची, काम झालं की परत करायची. तोवर दुसऱ्याला तिच्यात हात घालता येत नाही. परत केल्यावर जुनी प्रत पुसली जात नाही, तिच्यावर नवी रचली जाते, आणि कोणी, कधी, काय म्हणून बदललं ते लिहिलं जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे नातेसंबंध. हा बोल्ट कुठल्या कुठल्या असेंब्लीत वापरलाय, हा नकल बदलला तर कोणती ड्रॉइंगं जुनी होतील, हे ते सांगतं. तिजोरीच्या आत नाव बदललं तर सगळे पत्ते आपोआप बदलतात.

तिसरी गोष्ट आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. व्हर्जन आणि रिव्हिजन यांतला फरक. (व्हायव्हाला, आणि ऐकलंय की इंटरव्ह्यूलाही विचारतात.) दर वेळी फाइल परत केली की एक व्हर्जन वाढतं, ते चाळीस झाले तरी बिघडत नाही. तो तुमचा रफ वहीचा हिशेब. रिव्हिजन म्हणजे 'आता हे बनवायला द्या' असं म्हणून कोणीतरी सही केलेली अवस्था. तिला अक्षर मिळतं, ए, बी, सी. अमेरिकन ड्रॉइंग स्टँडर्डमध्ये आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं रिव्हिजनसाठी वापरत नाहीत. आय आणि एक, ओ आणि शून्य यांत मशीनसमोर तेलकट कागदावर फरक दिसत नाही, हे कुणीतरी अनुभवाने शिकलं असणार. आमच्या 'फायनल' फोल्डरमध्ये व्हर्जनच होती, रिव्हिजन एकही नव्हती. नाव 'फायनल' दिलं होतं, पण फायनल केलं कोणी?

आपणच येडे आहोत असं वाटू नये म्हणून एक मोठं उदाहरण सांगतो. एअरबसचं ए-३८० विमान. त्यात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते. जर्मनीतल्या हँबुर्गला आणि स्पेनमध्ये डिझाइन कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर चाललं होतं, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये पाचव्या. दोन्हींमधला डेटा नीट जुळत नव्हता. वायरिंगचे हार्नेस तुलूझला विमानात बसवायला घेतले तर लांबी पुरेना. २००६ साली कंपनीला एकामागून एक उशीर जाहीर करावे लागले, वरिष्ठ पदांवरच्या लोकांना जावं लागलं, आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळायला ऑक्टोबर २००७ उजाडला. पूर्ण कारण एवढंच नव्हतं, पण मुख्य दुखणं हेच, की एकाच वस्तूची दोन ठिकाणी दोन रूपं आणि खरं कुठलं हे सांगणारी एक जागा नाही. त्यांचे अब्जावधी युरो, आमचे अठरा हजार.

असो. आता निवडीकडे.

सुरुवातीला मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी ब्रोशर वाचली. टीमसेंटर, विंडचिल, एनोव्हिया. सीमेन्स, पीटीसी आणि दासो या तिघांचीही पुण्यात सेंटर आहेत, तेव्हा आपले बरेच सीनियर त्याच कामात आहेत, त्यांतल्या एकाला फोन लावला. तो दोन मिनिटं ऐकून हसला. म्हणाला, "किती जण आहात?" म्हटलं, पंचवीस. "सर्व्हर कोण बघणार?" गप्प. "अरे, याच्यासाठी कंपनीत वेगळा डिपार्टमेंट असतो. हत्ती घेशील, चारा कोण घालणार?" ती तिन्ही नावं तिथेच खोडली.

मधल्या आकाराची दोन. सॉलिडवर्क्स पीडीएम आणि ऑटोडेस्कचं व्हॉल्ट. पहिल्याचे दोन प्रकार आहेत. स्टँडर्ड हे सॉलिडवर्क्सच्या प्रोफेशनल आणि प्रीमियम पॅकेजबरोबर येतं, दुसऱ्याचे वेगळे पैसे. कॉलेजच्या लायसन्समध्ये काय येतं ते विक्रेत्याकडून लेखी घ्या, तोंडी 'हो हो, येतं' यावर जाऊ नका. व्हॉल्टचंही तसंच, बेसिकमध्ये तिजोरी आणि टोकन आहे, पण रिव्हिजन आणि मंजुरीची साखळी हवी तर प्रोफेशनल लागतं. म्हणजे आमचं जे दुखणं तेच नेमकं बेसिकमध्ये बरं होत नाही. शिवाय आमचं सगळं काम सॉलिडवर्क्समध्ये.

तिसरा प्रकार क्लाउडचा. ऑनशेपमध्ये फाइल हा प्रकारच नाही. सगळं ब्राउझरमध्ये, प्रत्येक बदलाची नोंद आपोआप, दोघं एकाच वेळी काम करू शकतात. सॉलिडवर्क्स काढणारे जॉन हर्शटिक यांनीच सहकाऱ्यांबरोबर ते पुढे काढलं, २०१९ मध्ये पीटीसीने विकत घेतलं. विद्यार्थ्यांना शैक्षणिक खातं फुकट मिळतं. मात्र साधं फुकट खातं घेतलंत तर तुमची डिझाइनं जगाला उघडी असतात, हे विसरून कोणी गिअरबॉक्स टाकू नका.

चौथा प्रकार माझ्या रूम पार्टनरचा. तो कॉम्प्युटरचा. रोज एकच पालुपद, "गिट वापर ना!" गिट उत्तम आहे, पण ते कोडसाठी. कोड म्हणजे अक्षरं, दोघांनी दोन ओळी बदलल्या तर जोडता येतात. सॉलिडवर्क्सची फाइल म्हणजे बायनरी गाठोडं, दोघांनी बदललं तर जोडणार कसं? एकाचं काम फेकूनच द्यावं लागतं. तिथे जोडणं नको, कुलूप हवं. गिटमध्ये मोठ्या फायलींसाठी एलएफएस आहे, त्यात कुलूपही आहे, पण पहिल्या वर्षाच्या पोरांना ते शिकवता शिकवता मीच दोनदा अडकलो. मग त्याच पार्टनरने, जरा तोंड वाकडं करून, सबव्हर्जन सुचवलं. त्याच्या भाषेत 'म्हाताऱ्यांचं गिट'. २००० सालापासूनचं, एकच मध्यवर्ती तिजोरी, आणि त्यात फाइलला 'आधी कुलूप लाव, मगच बदल' असा गुणधर्म देता येतो. तो दिला की फाइल तुमच्याकडे वाचण्यापुरतीच येते. विंडोजवर टॉर्टॉइज नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की सगळं राइट क्लिकवर.

आता मुद्द्याचं. यातलं कुठलं घ्यायचं हे ब्रोशरवरून ठरत नाही, स्वतःच्या घाणीवरून ठरतं. आम्ही मागच्या वर्षीची पूर्ण गाडी घेतली, साडेतीनशेच्या आसपास पार्ट, तीन 'प्लेट' आणि चारही नकल 'फायनल'सकट, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तीच ओतली. विक्रेत्याच्या डेमोत नेहमी पाच पार्टचा स्वच्छ व्हाइस असतो, तो कुठेही चालतो.

मग मुद्दाम त्रास दिला. पार्टचं नाव बदललं. दोघांना एकाच वेळी एकच फाइल बदलायला बसवलं. महिन्यापूर्वीची गाडी जशीच्या तशी परत मागितली, एक पार्ट नव्हे, पूर्ण गाडी. रात्री नऊला, म्हणजे हॉस्टेलचं वायफाय धापा टाकत असतं तेव्हा, सी विंगमधून असेंब्ली उघडली. गुगल ड्राइव्ह दोघांच्या परीक्षेतच गडगडला, दोन प्रती तयार आणि खरी कुणाची यावर भांडण. ऑनशेप जुन्या लॅपटॉपवरही पळालं, पण नेट गेलं की नुसता गोल चक्र. सॉलिडवर्क्स पीडीएमने पहिल्या तीनही परीक्षा सगळ्यात छान दिल्या, हे प्रामाणिकपणे सांगतो. सबव्हर्जनला पहिल्यांदा सगळं उतरवायला चाळीस मिनिटं लागली, नंतर फक्त बदललेलंच यायचं, त्यामुळे वायफायने तक्रार केली नाही. आणि सर्व्हर कॅम्पसच्या लॅनवर असल्याने बाहेरचं नेट गेलं तरी काम चालू.

एक परीक्षा टूल रूमच्या काकांनी घेतली. त्यांच्या हातात एक जुनी आणि एक नवी प्रिंट दिली आणि विचारलं, कुठली बनवाल? ते म्हणाले, "बाळा, कम्प्युटरमध्ये काय ते तुझं तू बघ. मला कागदावर अक्षर दे, आणि ते अक्षर बरोबर आहे का हे मी कुणाला विचारू ते सांग." म्हणजे मंजूर ड्रॉइंगं वेगळी आणि एकाच जागी दिसली पाहिजेत, आणि ती तिथे टाकायचा हक्क सगळ्यांना नको. पीडीएममध्ये हे आयतं येतं. सबव्हर्जनमध्ये आम्ही 'मंजूर' नावाचा फोल्डर केला, त्यात लिहायचा अधिकार फक्त दोघांना, आणि तिथे मॉडेल नाही, फक्त पीडीएफ आणि स्टेप फाइल, नावात रिव्हिजनचं अक्षर. वर्कशॉपला जे जायचं ते तिथूनच.

शेवटची परीक्षा बॅकअपची, आणि निकाल तिथेच लागला. सॉलिडवर्क्स पीडीएम फायली एका जागी ठेवतं आणि त्यांची नावं, इतिहास, नाती एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये. फायलींच्या फोल्डरमध्ये डोकावलं तर 'नकल' असं काही दिसत नाही, नुसती आकड्यांची नावं. डेटाबेस गेला तर ते सगळं भंगारात विकायच्या लायकीचं. दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा लागतो, आणि तो परत चढवणं हे शिकलेल्या माणसाचं काम. कंपनीत तो माणूस पगारावर असतो. आपल्याकडे तो मी, आणि मी मे महिन्यात पास आउट होतो (झालो तर). डिपार्टमेंटला विचारलं, तर आमच्या टीमसाठी कायमचा माणूस देणं शक्य नव्हतं, आणि त्यांचंही बरोबर होतं. सबव्हर्जनचा बॅकअप म्हणजे एक फोल्डर, एक कमांड.

ऑनशेपबद्दल आमच्यात खूप वाद झाला. टीममधले निम्मे त्याच्या बाजूने होते. माझा अडसर एकच. तिजोरी दुसऱ्याची. ग्रॅबकॅडचं वर्कबेंच नावाचं पीडीएम होतं, क्लाउडवर, फुकट, छोट्या टीमचं लाडकं. २०२३ मध्ये ते बंद झालं आणि लोकांना सगळं उचलून बाहेर पडावं लागलं. ऑनशेप बंद होईल असं मी म्हणत नाही, पण घेतानाच विचारून ठेवायचं, निघताना काय नेता येईल? स्टेप फाइल नेता येते, पण मॉडेलचा इतिहास, म्हणजे कुठलं स्केच, कुठला कट, तो त्यात येत नाही. तरीही, शून्यापासून सुरू करणारी, लॅबचं लायसन्स नसलेली टीम असेल तर मी आज त्यांना ऑनशेपच घ्या म्हणेन. आणि डिपार्टमेंटमध्ये सर्व्हर बघणारा कायमचा माणूस असेल तर डोळे मिटून सॉलिडवर्क्स पीडीएम. आमच्याकडे लायसन्स होतं आणि माणूस नव्हता, म्हणून सबव्हर्जन.

त्याचे तोटे लपवत नाही. नाती त्याला कळत नाहीत, 'हा बोल्ट कुठे वापरलाय' याचं उत्तर ते देत नाही. नाव बदलायचं तर सॉलिडवर्क्सच्या आतूनच बदलायचं, आणि मग सबव्हर्जनला वाटतं की जुनी फाइल मेली आणि नवी जन्मली. कमिट करताना दोन्ही निवडून 'रिपेअर मूव्ह' केलं तरच इतिहास जोडलेला राहतो. लॅपटॉपवर प्रत्येक फाइलची आणखी एक प्रत ते लपवून ठेवतं, म्हणजे जागा जवळजवळ दुप्पट. आणि कुलूप लावून माणूस गावाला गेला की बोंब. दिवाळीत आमचा एक भिडू रोल केजला कुलूप लावून साताऱ्याला गेला आणि फोन बंद. कुलूप दुसऱ्याला तोडता येतं, पण तोडताना त्याचं न जमा केलेलं काम वाया जाऊ शकतं. चार दिवस त्याच्या भावाचा नंबर शोधण्यात गेले. आता नियम आहे, मेसला जायच्या आधी कुलूप सोडायचं. नियम पाळला जातो असं नाही.

सर्व्हर म्हणजे डिपार्टमेंटच्या लॅबमधला एक निकामी ठरवलेला पीसी, त्याला नवी हार्ड डिस्क. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या पीसीवर, आणि दर रविवारी एका बाहेरच्या डिस्कवर, जी सरांच्या कपाटात असते. पासवर्ड बंद पाकिटात, वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांकडे.

मागच्या महिन्यात सर्व्हर मुद्दाम बंद केला आणि ज्युनियरना सांगितलं, कपाटातली डिस्क घ्या आणि दुसऱ्या पीसीवर पूर्ण गाडी उभी करा. मला फोन करायचा नाही. मी मेसमध्ये बसून होतो, जेवण काही जात नव्हतं. एक तास दहा मिनिटांनी तो पेनड्राइव्हवाला ज्युनियर आला, आता तोच तिजोरी बघतो. म्हणाला, "दादा, सगळं आलं. फक्त मागच्या रविवारनंतरचं आजपर्यंतचं काम नाही, रात्रीचा बॅकअप तीन दिवस चाललाच नव्हता. कोणी बघितलंच नाही." मग आम्ही दोघं लॅबला गेलो. दुसऱ्या पीसीची डिस्क भरली होती.